जुनी लहान मोटार आणि तिची निगा

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्या वस्तूंनीं आपलें रोजचें जिणें पालटलें त्यांचा इतिहास लिहावयास सहसा कोणी बसत नाहीं; कारण त्या आपल्या अंगणांतच उभ्या असतात, आणि अंगणांतल्या वस्तूकडे पाहण्याची आपली दृष्टि बोथट झालेली असते. आज अशाच एका वस्तूविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. नांदेड किंवा लातूर शहरांतील एखाद्या शिक्षकाच्या, वकिलाच्या अगर लहान व्यापाऱ्याच्या दारांत उभी असलेली, वीस-पंचवीस वर्षें वयाची लहान मोटार ही ती वस्तु होय. मागचें दार वर उचलून उघडावयाचें, चार माणसें कशीबशी बसवावयाचीं आणि उरलेल्या जागेंत घरांतलें सामान कोंबावयाचें, अशी तिची रचना. ती आपल्याकडे कशी आली, तिनें कोणतें सुख दिलें, तें सुख टिकविण्यासाठीं काय करावें लागतें, आणि ती म्हातारी झाली हें कशावरून ठरवावयाचें, असे चार प्रश्न आहेत. पहिल्या तिहींचीं उत्तरें मिळालीं म्हणजे चौथ्याचें उत्तर देणें सोपें जाईल.

मोटारीचें सुख समजण्यासाठीं मोटारीपूर्वींचा प्रवास आठवला पाहिजे. नांदेड आणि लातूर हीं दोन्ही गांवें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. १९०० सालाच्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यांतून मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग झाला आणि नांदेडास रेल्वे मिळाली. परंतु ती मीटर गेजची होती. लातुराच्या वांट्यास त्याहूनहि लहान गाडी आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्यें लातुरास पोहोंचली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. या चिमुकल्या गाडीनें लातूरच्या पेठेचा माल वाहिला, पंढरीच्या वारकऱ्यांना नेलें-आणलें, आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकांत रुंद रूळ पडेपर्यंत लातूरकरांची सोबत केली.

रस्त्यावरची कथाहि अशीच आहे. १९३२ सालीं निजामाच्या रेल्वे खात्यानें २७ बसगाड्या घेऊन रस्ते-वाहतूक सुरू केली. सरकारनें स्वतः बस चालविण्याचा हिंदुस्थानांतील हा अगदीं आरंभींचा प्रयोग होय. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि पुढें इकडचा प्रवासी एस्. टी.च्या गाडीची वाट पाहूं लागला. आगगाडी असो कीं बस असो, या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती. निघण्याची वेळ दुसरा ठरवी आणि प्रवाशानें त्या वेळेस हजर राहावयाचें असे. लग्न, आजारपण, परीक्षा हीं मात्र वेळापत्रक पाहून येत नसत.

खाजगी मोटार तेव्हांहि होती. पण ती थोड्यांची. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षें परवान्यांच्या राज्यांत मोजकेच कारखाने मोटारी करीत. उत्तरपाऱ्याची अम्बॅसडर आणि मुंबईस कुर्ल्याला होणारी फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, हीं नांवें घरोघर ठाऊक होतीं. त्यांतली प्रीमियर ही कंपनी १९४४ मध्यें काढणारे वालचंद हिराचंद हे जन्मानें सोलापूरचे, म्हणजे लातूरच्या शेजारचेच. तथापि शेजाऱ्यानें काढलेल्या कारखान्याची गाडीहि लातूरच्या मास्तरांच्या दारांत येणें कठीण होतें. पैसे असले तरी नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे, आणि पैसे तर बहुतेकांपाशीं नव्हतेच.

ही कोंडी फोडणारी गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजीं गुडगांवच्या कारखान्यांतून बाहेर पडली. फेब्रुवारी १९८१ मध्यें स्थापन झालेल्या मारुति उद्योग या सरकारी कंपनीनें ऑक्टोबर १९८२ मध्यें जपानच्या सुझुकी कंपनीशीं करार केला, आणि पुढल्याच वर्षीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं पहिल्या गाडीची किल्ली एका दिल्लीकर गृहस्थाच्या हातीं ठेवली. गाडी डोळ्यांनीं पाहण्यापूर्वींच सव्वा लाखांहून अधिक लोकांनीं दहा-दहा हजार रुपये भरून ती नोंदविली होती. किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती.

तिचें मूळहि ध्यानांत घेण्याजोगें आहे. महायुद्धांत पोळलेल्या जपाननें १९४९ पासून लहान मोटारींचा एक निराळा वर्ग कायद्यानें पाडला आणि त्यांच्या इंजिनांस मर्यादा घातली. ती मर्यादा १९७६ मध्यें ५५० घन सेंटिमीटर झाली. अरुंद गल्ल्या, महाग इंधन आणि बेताची मिळकत यांच्यासाठीं आंखलेल्या त्या गाडीला थोडें मोठें, ७९६ घन सेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें इंजिन बसवून ती भारतास दिली गेली. वजन अवघें साडेसहाशे किलोच्या घरांत. म्हणजे जपानी गल्लीसाठीं जी योजना झाली तीच नांदेडच्या इतवाऱ्यास आणि सोळा रस्ते जिला येऊन मिळतात त्या लातूरच्या गंजगोलाईस मानवली. गरज सारखी असली म्हणजे देश दूर असून चालतात.

आतां एक योगायोग पाहा. पहिली गाडी निघण्याच्या सोळा महिने आधीं, १६ ऑगस्ट १९८२ रोजीं, तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतून लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, न्यायालयें आलीं, नोकरदारांच्या वसाहती आल्या. लातूरच्या महाविद्यालयांची शिकविण्याची पद्धति पुढें ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें राज्यभर गाजली आणि गांवोगांवचीं मुलें तेथें येऊं लागलीं. नांदेडास १९९४ मध्यें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ झालें. २००८ मध्यें गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहराचे रस्ते रुंद झाले. पगारदार आणि शिकलेला असा जो मध्यम वर्ग या दोन शहरांत वाढला, त्याला पेलेल अशी मोटार नेमकी त्याच काळांत देशांत तयार होत होती.

तरी पुष्कळ घरांत ती कोरी करकरीत आली नाहीं. पुण्या-मुंबईच्या पहिल्या मालकाकडे आठ-दहा वर्षें काढून, रंग थोडा उडालेला, आसनांवर दुसऱ्याच कोणाच्या आवडीचीं खोळें, अशा वेषांत ती मराठवाड्यांत उतरली. एका घरची जुनी वस्तु दुसऱ्या घरची पहिली वस्तु होते. शहरानें जिला निरोप दिला तिला येथें ओवाळून घेतलें गेलें, चाकाखालीं नारळ फुटला, आणि पेढे वांटले गेले.

तिनें दिलेलें सुख वेगाचें नव्हतें. तें हवें तेव्हां निघण्याचें होतें. नांदेडाहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गांठावयाचें म्हणजे सुमारे १४० किलोमीटरांचा रस्ता. पहाटे चारला निघावें, वाटेंत वाटेल तेथें थांबून डबा उघडावा, वसतिगृहांत मुलाची गादी, पत्र्याची पेटी आणि लाडवांचा डबा पोहोंचवावा आणि दिवेलागणीस घरीं परत यावें, ही गोष्ट आजच्या तरुणांस क्षुल्लक वाटेल. ज्यांनीं बसच्या टपावर पेटी चढविली आहे आणि पावसांत ती भिजतांना खिडकींतून पाहिली आहे, त्यांना तिचें मोल कळतें. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, माळेगांवची यात्रा हीं म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हां आवांक्यांत आलीं. रात्रीं कोणाची छाती दुखूं लागली तर गल्लींतल्या त्या एका गाडीचें दार ठोठावलें जाई आणि तें उघडलें जाई. घरांतल्या स्त्रियांनीं चाक हातीं घेतलें तेंहि पुष्कळ ठिकाणीं याच लहान गाडीवर. कारण ती वळविण्यास हलकी आणि चुकल्यास क्षमा करणारी.

परंतु हें सुख फुकट मिळत नाहीं. जुनी मोटार ही घरांतल्या वृद्ध माणसासारखी असते. तिला औषधापेक्षां लक्ष अधिक लागतें. मराठवाड्यांत तर हवाच तिची परीक्षा पाहते. मे महिन्यांत पारा बेचाळिसांच्या वर जातो. अशा वेळीं लहान इंजिनाचें सर्व आयुष्य रेडिएटरवर अवलंबून असतें. कूपनलिकेचें क्षारयुक्त पाणी त्यांत ओतीत राहिलें कीं आंतल्या बारीक नळ्यांत थर बसतो, पाणी फिरेनासें होतें, इंजिन तापतें, गॅसकेट जळते आणि हेड वांकतें. कूलंटचे थोडे पैसे वांचविणारा मालक असा इंजिन उघडण्याच्या खर्चास धनी होतो. तापमानाचा कांटा वर चढतांना दिसला कीं गाडी सावलींत उभी करावी. गरम रेडिएटरचें टोपण मात्र कधीं उघडूं नये.

पाण्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतों. एप्रिल २०१६ मध्यें लातुरावर अशी वेळ आली कीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पांच लाख लिटर पाणी आलें. ज्या शहरानें घागरीसाठीं रांगा लावल्या, तेथें नळी लावून मोटार धुणें शोभत नाहीं. आणि त्याची गरजहि नाहीं. आधीं मऊ कुंच्यानें धूळ झटकावी, मग ओल्या फडक्यानें पुसावें. अर्धी बादली पुरते. पाणी खर्चावयाचेंच तर तें गाडीच्या खालच्या अंगास खर्चावें. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आंत चिकटून बसतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आंतून खातो. वरून चकाकणारी गाडी खालून सडलेली असूं शकते, हें मोटारीपुरतेंच खरें आहे असें नाहीं.

दुसरी गोष्ट रबराची. लोखंड झिजतें तें धांवण्यानें. रबर जून होतें तें काळानें. टायर, पाण्याच्या व पेट्रोलच्या नळ्या आणि इंजिनांतील झडपांची वेळ राखणारा दांतेरी टायमिंग बेल्ट यांचें वय किलोमीटरांत मोजून भागत नाहीं, तें वर्षांतहि मोजावें लागतें. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. जुन्या गाड्यांच्या नळ्या व वायसर अशा मिश्रणासाठीं केलेले नव्हते. म्हणून ते वरचेवर तपासावे आणि चिरा दिसतांच बदलावे. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. तेंहि दोन वर्षांनीं बदलणें हिताचें. हीं सर्व कामें थोड्या खर्चाचीं आहेत. तीं टाळणें मात्र फार खर्चाचें आहे.

तिसरी गोष्ट, गाडी चालती ठेवणें. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेक धरतात, आणि इंजिनाच्या उबेस आलेले उंदीर तारा कुरतडतात. याविषयीं दिल्लीच्या त्या पहिल्या गाडीचाच दाखला देतों. तिच्या मालकानें ती जन्मभर जवळ बाळगली. २०१० मध्यें त्याचें निधन झालें आणि त्यानंतर उन्हापावसांत उभी राहून ती गंजली. पुढें कंपनीनें ती पुन्हां नवीसारखी करून २०२२ मध्यें आपल्या कचेरींत मांडली. सत्तावीस वर्षें वापरल्यानें जी बिघडली नाहीं, ती वापर थांबतांच बिघडली. आठवड्यांतून दोनदां गांवाबाहेरपर्यंत फेरी मारणें हें जुन्या गाडीचें पथ्यच समजावें.

या निगेंत मालकाइतकाच वांटा मिस्त्रीचा असतो. २००० सालापर्यंत या गाडीस कार्बोरेटर होता. प्लग साफ करणें, पॉइंट घासणें, कार्बोरेटर उघडून धुणें हीं कामें चार पान्यांनीं आणि एका पेचकसानें होत. बॉनेट न उघडतां, नुसत्या आवाजावरून ‘गाडी मिसिंग मारते’ असें सांगणारे आणि धुराच्या रंगावरून ‘इंजिन कामाला आलें’ असा निवाडा करणारे मिस्त्री या दोन शहरांत तयार झाले. त्यांची विद्या पुस्तकांत नाहीं. ती उस्तादाच्या हाताखालीं पोरानें पाने देतां-देतां उचललेली. पुढें इंधन सोडण्याचें काम संगणकाकडे गेलें आणि दोष शोधावयास यंत्र लावावें लागूं लागलें. तरीहि जानेवारी २०१४ मध्यें या गाडीचें उत्पादन थांबल्यावर तिच्याच कुळांतलें इंजिन ऑल्टोंत २०२३ पर्यंत बसत राहिलें. त्यामुळें सुटे भाग मिळण्याची सोय राहिली. क्यूबा बेटांत अमेरिकेच्या व्यापारबंदीमुळें १९५० च्या दशकांतील मोटारी आजवर धांवत ठेवाव्या लागल्या. तेथेंहि चमत्कार कोणता नाहीं. गरज आणि हात यांची ती गांठ आहे.

आतां चौथा प्रश्न. मोटार म्हातारी झाली हें कशावरून ठरवावें? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची धरली. पुढें तपासणी करून दर पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावयाची. या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींसाठीं ती आणखी वाढली. दिल्लीच्या परिसरांत तर न्यायासनांच्या आदेशांनीं पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीस पंधरा आणि डिझेलच्या मोटारीस दहा वर्षांची हद्द घातली गेली. तेथील कोंदलेली हवा हें त्याचें कारण. मराठवाड्यांत तशी हद्द नाहीं. पण वर्षें मोजूनच योग्यता ठरवावी हा विचार हळूहळू सर्वत्र पसरतो आहे, आणि त्याचा भार ज्यांना नवी गाडी परवडत नाहीं त्यांच्यावरच पडतो.

याबाबत आपल्या शेतकऱ्याकडून कांहीं शिकण्यासारखें आहे. नांदेड जिल्ह्यांतील कंधारच्या नांवाची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यांतील देवणीच्या नांवाची देवणी, या गोवंशाच्या दोन नामांकित जाती याच मुलखाच्या. मार्गशीर्षांत माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेंत जनावरांचा बाजार भरतो. तेथें बैलाचें वय दांतांवरून पाहतात: आदत, दुसा, चौसा, जुळलेला. परंतु बैल एकदां जुळला म्हणजे दांतांची ही मोजणी संपते. मग जाणता गिऱ्हाईक दांत सोडून खांदा पाहतो, खूर पाहतो, त्याला चालवून पाहतो, आणि धन्यानें त्याला कसें ठेवलें हें कातडीच्या तकाकीवरून ओळखतो. त्याचें निदान दोन्ही बाजूंनीं खरें असतें. थोराड वयाचा बैल तो कामाचा ठरवितो आणि तरुण पण खांदा गेलेला बैल नाकारतो.

मोटारीच्या बाबतींत हाच न्याय लावला पाहिजे, आणि तो पुरा लावला पाहिजे. जुन्या गाडीचा कैवार घेतांना तिचे दोष झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें नव्हे. तिच्यांत हवेच्या संरक्षक पिशव्या नाहींत. तिच्याच घराण्यांतील ऑल्टोला २०१४ मध्यें ग्लोबल एन्‌कॅपच्या धडक-चाचणींत मोठ्या प्रवाशांच्या संरक्षणासाठीं एकहि तारा मिळाला नाहीं. तुळजापूर-लातूर-नांदेड-नागपूर हा महामार्ग रुंद झाल्यापासून त्यावरील वाहनांचा वेग पुष्कळ वाढला आहे, आणि त्या वेगाच्या प्रवाहांत साडेसहाशे किलोची गाडी घेऊन उतरणें म्हणजे पोरांना घेऊन पुरांत उतरण्यासारखें आहे. शिवाय धूर ओकणारी गाडी शेजाऱ्याच्या फुप्फुसावर आपलें सुख वसूल करते. म्हणून गावांतलीं कामें आणि जवळचे प्रवास, मध्यम वेग, पट्टा बांधलेला, धुराची तपासणी वेळेवर, ही जुन्या मोटारीची मर्यादा आहे. खालचा सांगाडा सडला, चाक सरळ धरेना अगर ब्रेक भरंवशाचे राहिले नाहींत, तर वय दहा वर्षें असो कीं तीस, तिला निवृत्त करणें हेंच तिच्या धन्याचें कर्तव्य होय. माया म्हणजे डोळेझांक नव्हे.

पण तपासणींत जी उतरली, जिचा सांगाडा शाबूत, ब्रेक खरे आणि धूर स्वच्छ, तिला केवळ जन्मतारखेवरून भंगारांत लोटण्यानें काय साधतें? नवी मोटार घडवितांनाहि लोखंड, वीज आणि पाणी खर्ची पडतें. तें जुन्या गाडीच्या खात्यांत मांडलेलें नसतें. आणि तिच्याबरोबर आणखी एक वस्तु भंगारांत जाते, तिचें वजन कोणी करीत नाहीं. ती म्हणजे दुरुस्त करण्याची विद्या. ज्या वस्तूचें झांकण आपल्याला उघडतां येत नाहीं, ती बिघडली म्हणजे आपण पुन्हां दुसऱ्याच्या वेळापत्रकाचे प्रवासी होतों. शंभर वर्षांपूर्वींचा नांदेडकर फलाटावर जसा उभा होता तसेच आपण कंपनीच्या दारांत उभे राहतों.

या लहान मोटारीनें आपल्याला हवें तेव्हां निघण्याची मोकळीक दिली. तिची किंमत गाडी घेतांना एकदां द्यावयाची नव्हती. ती तेलाचा कांडा पाहतांना, नळी बदलतांना, मिस्त्रीच्या शेजारीं उकिडवें बसून तो काय करतो तें समजून घेतांना, थोडी-थोडी द्यावयाची होती. ज्या घरांनीं ती दिली त्यांच्या दारांत ही गाडी आजहि एका किल्लींत सुरू होते. आपल्या दारांतलीहि तशीच आहे काय, हें वर्षें मोजून कळणार नाहीं. येत्या रविवारीं सकाळीं, इंजिन थंड असतांना, बॉनेट उघडून पाहावें.